आभाळातले सस्पेन्स खाते

बँकेत 'सस्पेन्स' नावाचे एक खाते असते. पैसे आलेले असतात, रक्कमही चोख असते. फक्त ते कोणाचे, हे कळत नाही. नाव सापडेपर्यंत नोंद तिथेच पडून राहते. माझी नोकरीची निम्मी वर्षे अशा नोंदींचे धनी शोधण्यात गेली. आभाळातही असेच एक खाते आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले.

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ झेपावला. पोटात २० उपग्रह. त्यांतला 'स्वयम्' पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन जेमतेम किलोभर. त्यामागे मुलांच्या कित्येक तुकड्यांची जागरणे होती.

एकाच अग्निबाणातून सुटलेले उपग्रह सुरुवातीला मुंग्यांच्या रांगेसारखे चालतात. अमेरिकी लष्कराची रडारे त्यांच्या कक्षा मोजतात. पण इवल्याशा उपग्रहाचा रडारला दिसतो तो नुसता ठिपका. म्हणून यादीत आधी 'ऑब्जेक्ट ए', 'ऑब्जेक्ट बी' अशी नावे पडतात. आपला कोणता, हे वेळेत कळले नाही तर अँटेना भलत्याच ठिपक्यामागे फिरत राहते आणि वर्षांची मेहनत डोक्यावरून निघून जाते.

इथे कामी येतात हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी. 'स्वयम्' त्यांच्याच पट्ट्यात, ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपास, मोर्सच्या कड-कट्टमध्ये बोलणारा. वर्धा स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी आठवा. येताना तिचा सूर चढा, पुढे गेल्यावर उतरलेला. ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ मध्ये सांगितलेला हाच नियम रेडिओलाही लागू पडतो. सेकंदाला साडेसात किलोमीटर धावणाऱ्या उपग्रहाची फ्रीक्वेन्सी येताजाता दहा किलोहर्ट्झपर्यंत सरकते. ती सर्वांत झपाट्याने उतरते तेव्हा उपग्रह आपल्या सर्वांत जवळ असतो. तो क्षण टिपायचा आणि यादीतला कोणता ठिपका नेमका तेव्हाच जवळून जायचा होता, हे ताडून पाहायचे. दिवसागणिक ठिपक्यांतले अंतर वाढते आणि ताळा जुळतो.

ही विद्या मोठ्या संस्थांचीच मक्तेदारी नाही. इंग्लंडमधील केटरिंगच्या शाळेत जेफ्री पेरी या शिक्षकाने विद्यार्थ्यांसह सोव्हिएत उपग्रहांचे संदेश ऐकले आणि १९६६ मध्ये प्लेसेत्स्कचे गुप्त उड्डाणस्थळ हुडकून काढले.

हॅमला या कामाचा छदाम मिळत नाही. कोणत्या तरी परक्या गावातला माणूस रात्री जागून आपल्या मुलांच्या ठोकळ्याचे नाव शोधून देतो आणि झोपी जातो. असे उपग्रह वर्धा जिल्ह्यावरूनही जातात. सेवाग्रामला अभियांत्रिकी शिकणारी मुले आहेत, गच्च्या आहेत, अंधारही पुरेसा आहे. दुसऱ्यांच्या नोंदींचे धनी शोधून देणारे चार कान आपल्याकडेही तयार व्हायला हवेत. अखेर 'स्वयम्' नाव घेतलेल्यालाही ओळख पटवायला दुसऱ्याचाच कान लागतो.