यंत्रनौकेच्या यंत्रकक्षातील पाणी : कारणनिश्चिती

यंत्रकक्षात साचलेले पाणी उपसणे हा उपाय नव्हे. ते केव्हा येते यावरून कोठून येते हे ठरवावे लागते. त्यासाठी कक्ष कोरडा करून निरीक्षण करावे. नौका नांगरलेली व यंत्र बंद असताही पाणी वाढल्यास तळाच्या झडपा, त्यांच्या नळ्या आणि पंख्याच्या दांड्याचा ग्लँड तपासावा. यंत्र सुरू केल्यावरच वाढल्यास शीतनाच्या पंपात वा धुराच्या नळीत दोष संभवतो. पॅकिंगच्या ग्लँडमधून मात्र दांडा फिरत असता थेंब गळणे इष्टच असते, कारण त्यानेच दांडा थंड राहतो. ग्लँड अति आवळल्यास दांडा झिजतो व गळती वाढते. बॅटरी पाण्याखाली गेल्यास विजेचा उपसापंपही बंद पडतो; म्हणून हा शोध वेळीच घेणे आवश्यक ठरते.