भरती अडवणारे दार

रायगड जिल्ह्यातल्या खारेपाटात खाडीचा बांध धरून चालत गेले की मध्येच एक दगडी बांधकाम लागते. गावकरी त्याला ‘उघाडी’ म्हणतात. बांधाच्या पोटातून आरपार गेलेली पाण्याची वाट आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला टांगलेली झडप, एवढाच तिचा संसार. भरती चढू लागली की खाडीचे पाणीच झडपेला आत रेटते आणि दार बंद होते. ओहोटी लागली की शेतात साठलेले पावसाचे पाणी तिला बाहेर ढकलते आणि दार उघडते. ना वीज, ना मोटर. समुद्राला बाहेर ठेवायचे काम समुद्राकडूनच करून घ्यायचे, ही यातली हुशारी. गोव्यात अशाच दाराला ‘मानस’ म्हणतात. मांडवी आणि झुआरीच्या काठची खाजन शेते शतकानुशतके त्याच्याच भरवशावर पिकत आली आहेत.

आता या दाराची परीक्षा सुरू झाली आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, म्हणजे जेमतेम वीतभर. पण वाढीचा वेग चढता आहे. २००६ नंतरच्या बारा वर्षांत तो वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. हरितगृह वायूंचे उत्सर्जन असेच वाढत राहिले, तर या शतकाच्या अखेरीस पातळी अर्ध्या मीटरहून बरीच जास्त, कदाचित मीटरभरही वाढलेली असेल, असे हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीचा अहवाल सांगतो.

वीतभर पाण्याने काय बिघडते? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वादळाची जोड मिळाली की लाटा बांधाच्या माथ्याशी येतात, तेव्हा ती वीतच निर्णायक ठरते. दुसरा परिणाम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. समुद्र चढला की ओहोटीचे पाणीही पूर्वीइतके खाली उतरत नाही. मग उघाडी उघडी राहण्याचा वेळ कमी होतो आणि आतले पावसाचे पाणी शेतातच तुंबते. बांध शाबूत असतो, तरी भात कुजतो.

समुद्राला बांध घालणे मराठी मुलखाला नवे नाही. मुंबईत महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून भरतीचे पाणी बेटांच्या सखल भागात शिरत असे. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ते खिंडार बांध घालून बुजवले गेले. त्यामुळे आतली जमीन हळूहळू कोरडी झाली आणि वस्तीखाली आली. आज त्यावरून गाड्या धावतात आणि आपण बांधावरून चाललो आहोत हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

बांधाच्या जिवावर उभा राहिलेला देश म्हणून जग नेदरलँड्सकडे पाहते. त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रातले वादळ आणि मोठे उधाण एकाच वेळी आले. नैर्ऋत्येकडचे बांध ठिकठिकाणी फुटले आणि त्या देशात १,८३६ माणसे दगावली. नंतरच्या पाहणीत दिसले की बरेच बांध समुद्राच्या धडकेने फुटलेच नव्हते. पाणी माथ्यावरून आत सांडले, आतल्या बाजूचा तीव्र उतार खरवडला गेला आणि बांध पाठीकडून ढासळला. म्हणून नव्या बांधांची उंची वाढवतानाच आतला उतारही पसरट ठेवला गेला आणि त्यावर गवताची घट्ट वीण राखली गेली.

त्याच रात्रीची एक गोष्ट तिथे अजून सांगितली जाते. हॉलंडसे आयसेल नदीकाठचा ग्रूनेनडाइक हा बांध पहाटेच्या सुमारास खचू लागला. त्याच्यामागे दक्षिण हॉलंडची दाट वस्ती होती. महापौरांनी जवळचे एक मालवाहू जहाज ताब्यात घेतले आणि कप्तान आरी एवेग्रून याला ते खिंडारात घालायला सांगितले. एवेग्रूनने पाण्याच्या ओढीचा अंदाज घेत जहाज आडवे आणून भगदाडाला असे टेकवले की त्याचेच दार झाले. मागे लाखो लोक झोपेत होते.

या आपत्तीनंतर ‘डेल्टा वर्क्स’ ही प्रचंड योजना उभी राहिली. तिच्यातला ईस्टर स्केल्डचा नऊ किलोमीटरचा अडसर आधी सलग भिंतीचा ठरला होता. पण त्या खाडीत कालवे आणि शिंपले पिकतात. भरती-ओहोटी थांबली तर खाडीच मरेल, म्हणून मच्छीमार आणि निसर्गप्रेमी आडवे आले. सरकारने आराखडा बदलला. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या या अडसराला ६२ पोलादी दरवाजे आहेत. ते एरवी वर उचललेले असतात आणि वादळातच खाली येतात. रॉटरडॅमच्या वाटेवरच्या माएसलांट अडसराचे दोन दरवाजे प्रत्येकी २१० मीटर लांब आहेत. डिसेंबर २०२३ च्या वादळात ते संगणकाच्या हुकमाने मिटले. पसारा अफाट असला, तरी हिशेब उघाडीचाच.

भरतीला कायमचे बाहेर ठेवले की काय होते, ते बांगलादेशाने भोगले. १९६० च्या दशकापासून तिथल्या किनाऱ्यावर मातीच्या बांधांनी वेढलेले शंभराहून अधिक भूभाग तयार झाले. सुरुवातीला पीक वाढले. पण गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ दर भरतीला जमिनीवर पसरून तिला उंच ठेवत होता, तो बाहेरच अडला. आतली जमीन खचत गेली. ३२ क्रमांकाच्या भूभागात ती बाहेरच्या सुंदरबनापेक्षा मीटरभराहून खोल गेली. मे २००९ मध्ये आयला वादळाने तिथला बांध फोडला, तेव्हा खारे पाणी दोन वर्षे हटले नाही. नैर्ऋत्येच्या बील डकातियात तर साचलेल्या पाण्याला कंटाळून १९९० मध्ये लोकांनीच बांध कापला. गाळ आत आला आणि जमीन वर येऊ लागली. भरतीला ठरवून काही वर्षे आत घेण्याची पद्धत सरकारने पुढे स्वीकारली.

बांध बांधणे हा मात्र एकदाचा खर्च. राखणे वर्षानुवर्षांचे. खाजनात आणि खारेपाटात बांधाचा पहिला शत्रू खेकडा. तो बीळ पोखरतो, त्यातून झिरपणी लागते आणि एखाद्या उधाणात तिथेच खांड पडते. डच बांध असेच मस्करॅट हा घुशीसारखा प्राणी पोखरतो. तिथल्या जलमंडळांनी त्याच्यासाठी पगारी शिकारी ठेवले आहेत. ही मंडळे तेराव्या शतकापासून चालत आली आहेत. त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात आणि त्यांचा स्वतंत्र कर असतो. त्यामुळे तिथे बांधाला कायमचा मालक असतो आणि त्याच्या हाती पैसाही असतो.

गोव्यात ही जबाबदारी पूर्वी गावच्या ‘कोमुनिदाद’ या सामुदायिक संस्थेची होती. कूळकायद्यानंतर ती कुळांच्या संघटनांकडे आली आणि पातळ झाली. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. भातापेक्षा मासळीचा पैसा मोठा, म्हणून दार नको तेव्हाही उघडे ठेवले जाते. महाराष्ट्रात खारभूमी विकासाचा कायदा १९७९ पासून आहे, तरी फुटलेली खांड वेळेत बुजेलच याची खात्री नसते. ती काही वर्षे तशीच राहिली की शेतात तिवरे उगवतात. कांदळवने तोडायला मुंबई उच्च न्यायालयाची २००५ पासून राज्यभर मनाई आहे. लाटांची धार बोथट करणारी तिवरे बांधाबाहेर हवीतच, पण खांडीतून आत शिरली की शेतकऱ्याची जमीन कागदावरच उरते.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारे भाताचे वाण दिले आहेत. पण दर भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या शेतात तेही टिकत नाहीत. मोठ्या उधाणांच्या तारखा पावसाळ्याच्या कितीतरी आधी जाहीर होतात. त्याआधी प्रत्येक उघाडीची झडप एकदा हलवून पाहायला हवी, खेकड्यांची बिळे बुजवायला हवीत. गंजलेली बिजागरी बदलायला डेल्टा वर्क्सएवढा पैसा लागत नाही.