जेंटू वापरणाऱ्यांनो, बिल्डचा पसारा आवरा!

मे महिन्यात चंद्रपुरात दुपारी मोठं पॅकेज कंपाइल करायला मी लावतच नाही. कूलर चालू असूनही लॅपटॉपला हात लाववत नाही. जेवणं आटोपली की इमर्ज सुरू करायचं आणि अधूनमधून स्क्रीनकडे बघायचं. म्हणूनच तिथे काय दिसतं, याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

जेंटूचा पॅकेज मॅनेजर पोर्टेज सोर्स कोडमधून पॅकेज बांधतो. 'क्वायट-बिल्ड' बंद असेल तर कंपायलरच्या हजारो ओळी डोळ्यांसमोरून धावतात. ईटीसी-पोर्टेज फोल्डरमधल्या 'मेक डॉट कॉन्फ'मध्ये, 'इमर्ज डिफॉल्ट ऑप्ट्स'च्या ओळीत 'क्वायट-बिल्ड' चालू करा. सगळा गोंगाट लॉगमध्ये जातो. एखादं पॅकेज फसलंच, तर त्याचा लॉग आपोआप समोर येतो.

सोबत 'जॉब्स' दोन ठेवलेत तर पडद्यावर एकच ओळ हलत राहते: किती पॅकेजं झाली, किती चालू आहेत आणि लोड ॲव्हरेजचे तीन आकडे. हे आकडे गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांचे. उन्हाळ्यात मी आधी तेच बघतो.

रंगही बदलता येतात. त्याच फोल्डरमध्ये 'कलर डॉट मॅप' नावाची साधी टेक्स्ट फाइल बनवा. एका ओळीत एक नाव, बरोबरचं चिन्ह, पुढे रंग. मूळचा पिवळा इशारा पांढऱ्या पार्श्वभूमीवर दिसतच नाही. मी तिथे जांभळा दिलाय.

एक मात्र नक्की करा: 'पोर्टेज लॉगडिर' लावून ठेवा. नाहीतर बिल्ड यशस्वी झाल्यावर लॉग पुसला जातो.