टाकाऊ चरबीला भाव आला, आणि पंचाईत सुरू झाली

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी गायझ्मर नावाचं गाव आहे. आसपास सगळे रसायनांचे कारखाने. २०१० मध्ये तिथे एक वेगळाच कारखाना सुरू झाला. कोंबड्या आणि जनावरांच्या मांसाचा अवाढव्य धंदा करणारी टायसन फूड्स त्यात भागीदार होती आणि कच्चा माल होता कत्तलखान्यांतून उरणारी चरबी. क्षमता वर्षाला साडेसात कोटी गॅलन, म्हणजे सुमारे २८ कोटी लिटर डिझेलची. २०१२ मध्ये कारखाना थांबला. २०१४ मध्ये दुसऱ्या कंपनीने तो घेऊन चालवला आणि २०२२ मध्ये तेलकंपनी शेव्हरॉनने ती कंपनीच ३१५ कोटी डॉलर मोजून विकत घेतली. तंत्र पहिल्यापासून तेच होतं. दहा वर्षांत फिरलं ते बाजाराचं आणि सरकारी सवलतींचं गणित.

हे डिझेल म्हणजे आपल्याकडे ज्याला बायोडिझेल म्हणतात ते नव्हे. बायोडिझेलसाठी तेलात मिथेनॉल घालतात, खाली ग्लिसरीन बसतं आणि वरचा द्रव डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळतात. युरोपात साधारण ७ टक्क्यांपर्यंतच. गायझ्मरच्या पद्धतीत चरबी ३०० अंशांच्या वर तापवून, प्रचंड दाबाखाली तिच्यावर हायड्रोजन सोडतात. चरबीतला ऑक्सिजन निघून जातो, उरतात निव्वळ हायड्रोकार्बन. थंडीत गोठू नये म्हणून त्यांच्या रेणूंची रचना थोडी बदलली की झालं डिझेल. इंजिनात काहीही न बदलता टाकी पूर्ण भरली तरी चालतं. फिनलंडच्या नेस्टे कंपनीने २००७ मध्ये पोर्वोला असा कारखाना काढला, मग सिंगापूर आणि रॉटरडॅमला.

खर्चाचं दुखणं मात्र यंत्रांत नाही. ढोबळ हिशेबाने एक किलो चरबीतून एक लिटर डिझेल निघतं, आणि उत्पादनखर्चाचा बहुतांश भाग त्या चरबीच्याच किमतीचा असतो. म्हणजे चरबी महागली की हिशेब तिथेच संपला. फरक भरून काढतं सरकार. अमेरिकेत २०२४ अखेरपर्यंत गॅलनमागे १ डॉलर करसवलत होती. ती अधूनमधून संपायची आणि पुन्हा जिवंत व्हायची. २०११ च्या अखेरीसही ती संपली होती. त्यावर कॅलिफोर्नियाचा वेगळा नियम: इंधनाचा कार्बन जितका कमी, तितकी पत जास्त, आणि ही पत बाजारात विकता येते. तिचे पैसे शेवटी तिथला पेट्रोल-डिझेल भरणाराच देतो. परिणाम मात्र डोळ्यांत भरणारा आहे. २०२३ पर्यंत कॅलिफोर्नियात खपणाऱ्या डिझेलपैकी निम्म्याहून अधिक जैविक झालं. तेलशुद्धीकरण करणारी व्हॅलेरो आणि चरबी गोळा करणारी डार्लिंग यांच्या एकत्रित कंपनीची क्षमताच आज वर्षाला १२० कोटी गॅलनच्या घरात आहे.

पर्यावरणाला फायदा होतो का? कागदावर भरपूर. कॅलिफोर्नियाच्या मोजणीत साध्या डिझेलला कार्बनचे साधारण १०० गुण धरले, तर तळणीत वापरलेल्या तेलाच्या किंवा चरबीच्या डिझेलला २० ते ४० मिळतात. सोयाबीन तेलाचं डिझेल मात्र ५५-६० वर जातं, कारण त्यात शेती, खत आणि जमीन आली. टाकाऊ मालाच्या खात्यावर यातलं काही मांडत नाहीत. हायड्रोजन मात्र मांडावा लागतो. तो बहुतेक नैसर्गिक वायूपासून बनतो आणि दर किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो.

खरी मेख ‘टाकाऊ’ या शिक्क्यात आहे. कत्तलखान्याची चरबी कधीच फुकट जात नव्हती. साबण, जनावरांचं खाद्य, कारखान्याचे बॉयलर अशी तिची जुनी गिऱ्हाइकं होती. ती डिझेलकडे वळली की साबणवाला पामतेल घेतो आणि बॉयलरवाला खनिज तेल जाळतो. हा धूर डिझेलच्या खात्यात दिसत नाही, एवढंच. चरबी पुरेनाशी झाली तेव्हा कारखाने सोयाबीनकडे वळले. अमेरिकेतलं जवळपास निम्मं सोयाबीन तेल आता इंधनात जातं. चीनमधून वापरलेलं तेल जहाजं भरभरून आलं आणि त्यात ताजं पामतेल तर मिसळलेलं नाही ना, ही शंकाही सोबत आली. प्रयोगशाळेत हा फरक पकडणं अवघड. अमेरिकेने या तेलाच्या पुरवठासाखळीची चौकशी आरंभली, आणि १ डिसेंबर २०२४ पासून चीननेच या तेलावरची निर्यात-करसवलत काढून घेतली.

हे आपल्याकडे आणू म्हणणाऱ्यांनी एक साधं गणित करावं. भारत वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल जाळतो आणि सुमारे अडीच कोटी टन खाद्यतेल खातो, त्यातलंही निम्म्याहून अधिक आयातीचं. देशातल्या सगळ्या कढया डिझेलच्या कारखान्यात रिकाम्या केल्या, तरी पाव भागसुद्धा भागणार नाही. तेव्हा हे इंधन डिझेलची जागा घेणार नाही. विमानांसारख्या, जिथे बॅटरी चालत नाही अशा ठिकाणी ते राखून ठेवावं, हे माझं मत. इंडियन ऑइलने पानिपतला वापरलेल्या तेलापासून विमानाचं इंधन करण्याचा मार्ग धरला आहे, तो त्या दृष्टीने बरोबर वाटतो.

आपल्याकडे या तेलाचा प्रश्न आधी पोटाचा आहे, मग धुराचा. मोठ्या हॉटेलातलं काळं पडलेलं तेल स्वस्तात गाडीवाल्याकडे जातं आणि पुन्हा कढईत चढतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली. रोज ५० लिटरहून अधिक तेल तळणीला वापरणाऱ्याला १ मार्च २०१९ पासून त्या तेलाची नोंदही ठेवावी लागते. तुमच्या नेहमीच्या फरसाणवाल्याला विचारून बघा, त्याचं उरलेलं तेल कोण घेऊन जातं.