आपलं ॲप, आपल्याच हातानं – भाग ४ : कांद्याची पट्टी

मागच्या भागात एमआयटी ॲप इन्व्हेंटरवर आपण नुसता पडदा मांडला. वजन, भाव आणि कपात यांसाठी तीन चौकटी, ‘हिशेब करा’ हे बटण आणि उत्तरासाठी रिकामं लेबल. बटण दाबलं तर अजून काहीच घडत नाही. ते आज घडवायचं.

आधी पट्टीचा, म्हणजे मालविक्रीच्या पावतीचा, हिशेब कागदावर उतरवा. लासलगाव असो की पिंपळगाव बसवंत, काटापावतीवर वजन किलोत येतं आणि लिलावात भाव पुकारतात क्विंटलचा. समजा, 1,840 किलो कांदा 1,650 रुपयांनी गेला. वजनाला 100 नं भागायचं, भावानं गुणायचं, की 30,360 रुपये. त्यातून हमाली-तोलाईसारखी कपात 520 रुपये वजा केली, की हातात 29,840.

आता ‘ब्लॉक्स’ उघडा. बटणाच्या कप्प्यातून ‘बटण दाबल्यावर’ हा पिवळसर ठोकळा ओढून घ्या. त्याच्या पोटात लेबलचा मजकूर बदलणारा हिरवा ठोकळा बसवा आणि त्याला गणिताचे निळे ठोकळे जोडा : भागाकार, गुणाकार, वजाबाकी. न जुळणारे ठोकळे एकमेकांत बसतच नाहीत, त्यामुळे कंस राहिला, स्पेलिंग चुकलं ही भानगड इथे नाही.

पण 100 नं भागायचं विसरलात, तरी ठोकळे बिनतक्रार बसतात आणि पडद्यावर 30,35,480 रुपये झळकतात! ही चूक फक्त पट्टी कळणाऱ्यालाच दिसते. म्हणून मी आग्रहानं सांगतो, हे ॲप बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभं राहिलेल्यानंच बनवावं.

धारावीच्या मुलींनी हेच केलं. नवनीत रंजन यांच्या ‘धारावी डायरी’ उपक्रमात त्यांनी याच साधनावर ‘पानी’ नावाचं ॲप तयार केलं. नळावर आपला नंबर आला की ते फोनवर कळवतं. नळावरची रांग त्यांच्या रोजच्या अनुभवाची होती. ॲप इन्व्हेंटर 2010 मध्ये गूगलनं आणलं, त्यामागे एमआयटीचे प्राध्यापक हॅल एबलसन होते. 2012 पासून ते एमआयटीच चालवते आणि वापरायला ते मोफत आहे.

एक खबरदारी राहिली. एखादी चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं, तर ॲप त्रुटीचा संदेश दाखवतं, कारण रिकाम्या मजकुराचा गुणाकार होत नाही. म्हणून सगळा हिशेब ‘जर–तर’च्या ठोकळ्यात घाला. तिन्ही चौकटींत संख्या असेल तरच गणित, नाहीतर लेबलवर ‘सगळे आकडे भरा’. शिवाय तिन्ही चौकटींना ‘नंबर्स ओन्ली’ची खूण करा, म्हणजे फोनवर थेट आकड्यांचा कीबोर्ड उघडेल.

पुढच्या आठवड्यात ‘टायनीडीबी’ वापरून जुन्या पट्ट्या फोनमध्येच साठवू. तोवर घरातल्या दोन-चार पट्ट्या काढून त्यांचे आकडे भरून पाहा. उत्तर जुळलं नाही, तर आधी कपातीची एकेक ओळ तपासा.