दाणाबंदरात समुद्र कुठे आहे?

वाशीच्या एपीएमसी मार्केटात धान्याच्या बाजाराला दाणाबंदर म्हणतात. गहू-तांदळाच्या गोण्या आहेत, डाळींचे ढीग आहेत, हातगाड्या आहेत, ट्रकांची रांग आहे. बंदर तेवढं नाही. धक्का नाही, डोलकाठी नाही, भरती-ओहोटीचा काही संबंध नाही. तरी अडत्यापासून माथाड्यापर्यंत कुणालाच या नावात वावगं वाटत नाही. मलाही कित्येक वर्षं वाटलं नव्हतं. वाटलं तेव्हा उत्तर शोधायला लोकलमध्ये बसावं लागलं, आणि ती लोकलच मूळ प्रश्नापेक्षा भारी निघाली.

त्यासाठी जरा उलट्या बाजूने यावं लागेल. समजा, तुम्ही एखाद्या क्रूझवरून मुंबईत एका दिवसापुरते उतरला आहात. आयरिश समुद्रातल्या मॅन बेटावर अशी जहाजं डग्लसला थांबतात, आणि पाहुणे १८७४ साली सुरू झालेल्या वाफेच्या गाडीत बसून पोर्ट एरिनपर्यंत जातात. तीन फुटांचे चिमुकले रूळ, चकचकीत पितळ, दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं. बेट पाहायची ही फार गोड रीत आहे. मुंबईत उतरलेल्या पाहुण्यांना मात्र बसमध्ये घालून गेटवे आणि धोबीघाट दाखवतात. मुंबई हेही बेट आहे आणि इथेही वारसा म्हणावी अशी रेल्वे आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. आपल्यालाही कुठे आठवतं?

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला गेली, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण नकाशा उघडून बघा. बोरीबंदर मुंबई बेटावर आणि ठाणं साष्टी बेटाच्या पूर्व टोकाला. म्हणजे देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावली खरी, पण मुख्य भूमीला शिवलीच नाही! खाडी ओलांडून ती कल्याणला पोचली ते पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये. भारतीय रेल्वेचा जन्म बेटावरचा आहे.

तर जहाजातून बॅलार्ड पिअरला उतरा. एके काळी इथे धक्क्यालाच लागून बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशन होतं. विलायतेची बोट लागली की साहेब थेट गाडीत बसून पेशावरकडे निघत. आता सीएसएमटीपर्यंत चालावं लागतं, पण रस्ता बॅलार्ड इस्टेटमधून जातो. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीदगडांनी समुद्र बुजवून ही जमीन केली आहे, तेव्हा पायाखाली काय आहे याचं भान ठेवून चाला. सीएसएमटीला एक आणि दोन नंबरचे फलाट हार्बर मार्गाचे. पनवेल लोकल पकडा आणि उजव्या हाताची खिडकी मिळवा. मिळाली तर.

३ फेब्रुवारी १९२५ ला याच मार्गावर, व्हीटी (म्हणजे आजचं सीएसएमटी) ते कुर्ला, देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. चार डबे, सोळा किलोमीटर. झेंडा दाखवला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी. त्याआधी १९१० पासून कुर्ल्याहून येणारी वाफेची गाडी रे रोडलाच थांबत असे. पुढे दाट वस्ती होती. मग मशीदच्या पुढे रूळ उचलून खांबांवर घेतले. म्हणून सँडहर्स्ट रोडला हार्बरचे फलाट वर आणि मेन लाइनचे खाली, असं दुमजली स्टेशन झालं. रोज हजारो माणसं तो जिना शिव्या देत चढतात.

वीज आधी इथेच का आली? लोकल दर दोन-तीन मिनिटांनी थांबते. वाफेच्या इंजिनाला प्रत्येक वेळी शून्यातून वेग घ्यायला वेळ लागतो. त्या काळच्या डीसी मोटरीची खुबी नेमकी उलटी होती: जागेवरून हलताना तिचा जोर सर्वांत जास्त. लोकलसाठी याहून चांगलं जनावर कुठलं? तारेत १,५०० व्होल्टची डीसी वीज सोडली. पण व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच कामाला विद्युतप्रवाह जास्त, आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रं लागत. आता तारेत २५,००० व्होल्टची एसी वीज आहे. (हा एसी गारव्याचा नव्हे. गारव्यासाठी वेगळी लोकल, वेगळं तिकीट.) तेवढ्याच ताकदीला प्रवाह जवळपास सतराव्या हिश्शावर आला, मग वाया जाणाऱ्या विजेचा हिशोब तुम्हीच करा.

आणि गंमत अशी, की डीसी जिथे सुरू झाली तिथेच ती संपली. एप्रिल २०१६ मध्ये कुर्ल्याहून सीएसएमटीला शेवटची डीसी लोकल आली. पहिली गाडी ज्या सोळा किलोमीटरांवरून गेली, शेवटचीही त्यावरूनच, ९१ वर्षांनी. दुसऱ्या कुठल्या देशात एवढ्यावर संग्रहालय उभं राहिलं असतं. आपण तिथे दाराला लोंबकळतो.

आता स्टेशनांच्या नावांकडे लक्ष द्या. मशीद हे नाव जवळच्या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात. सॅम्युएल दिवेकर यांनी तो १७९६ मध्ये बांधला. कोकणातले बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. डॉकयार्ड रोडवरून गोदीच्या क्रेन दिसतात. मग येतं कॉटन ग्रीन, आणि इथे माझं कोडं सुटायला लागलं.

ग्रीन म्हणजे मोकळं मैदान. पूर्वी कापसाचे गठ्ठे कोटातल्या मैदानात रचत. तिथे गर्दी झाली म्हणून कापूसबाजार १८४४ मध्ये कुलाब्याला गेला, आणि पुढे १९२० च्या दशकात शिवडीच्या बाजूला आला. प्रत्येक मुक्कामाला 'कॉटन ग्रीन' हे नाव बाजारानं बिऱ्हाडासोबत नेलं. शेवटी शिवडीजवळ कापूस विनिमयाची भव्य इमारत झाली, तीही हिरवी रंगवली. त्यामुळे नाव इमारतीच्या रंगावरून पडलं असं लोक बिनधास्त सांगतात. मैदान विसरलं, रंग उरला.

शिवडीला चिखलात रोहित पक्षी दिसतात. चुनाभट्टीच्या आसपास मुंबई बेट संपतं आणि साष्टी सुरू होतं. बेटांमधली खाडी आता नाल्याएवढी उरली आहे, त्यामुळे खिडकीतून फरक कळायचा नाही. खरी खाडी मानखुर्दनंतर. डब्यातल्या गप्पा जरा थांबतात, दारातून वारा येतो, दोन्ही बाजूंना पाणी. हा पूल १९९२ चा. मानखुर्द-बेलापूर रेल्वेच्या खर्चाचा दोनतृतीयांश भार नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उचलला होता. रेल्वेसाठी एका शहराने इतके पैसे मोजावेत, तेही शहर पुरतं वसायच्या आत! इथे तुम्ही पहिल्यांदा मुख्य भूमीवर पाय ठेवता. पहिल्या आगगाडीला ते पहिल्या दिवशी जमलं नव्हतं.

सानपाड्याला उतरा आणि एपीएमसीत या. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडी ओलांडून इथे आले: कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला, धान्य. धान्याचा बाजार मशीद बंदरच्या दाणाबंदरात होता. तिथे खरोखर गलबतांतून दाणा उतरायचा. व्यापारी आले, माथाडी आले, वजनकाटे आले, आणि कापसाच्या बाजारानं केलं तेच धान्याच्या बाजारानं केलं. बंदर समुद्रकाठी राहिलं, नाव गोण्यांबरोबर ट्रकमध्ये चढलं.

पाहुण्यांना एवढंच सांगतो. मसाला बाजारात शिरताना नाकाला रुमाल लावा, मिरचीचा ठसका पाहुणा बघून थांबत नाही. एप्रिल-मे असेल तर फळबाजारात हापूसच्या पेट्या आधी हुंगा, भाव मग विचारा. जहाज सुटायच्या निदान तीन तास आधी सानपाडा सोडा. आणि रविवारी मुळीच येऊ नका. मार्केट बंद असतं, आणि हार्बरला बहुतेक मेगाब्लॉक असतो.