मुठीतले चिंचोके आणि मॉस्कोतली पेनल्टी

२१ मे २००८. मॉस्कोच्या लुझनिकी स्टेडियमवर भर पावसात चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना सुरू होता. मँचेस्टर युनायटेड आणि चेल्सी जादा वेळेनंतरही १-१ असे अडकले होते. शूटआउटमध्ये पाच-पाच पेनल्ट्या झाल्या, तरी निकाल लागला नाही. चेल्सीचा सातवा खेळाडू निकोला अनेल्का याने चेंडू ठेवला. समोर युनायटेडचा उंचापुरा गोलरक्षक एडविन व्हॅन डेर सार हात पसरून उभा होता. अचानक त्याने डाव्या हाताने आपल्या डावीकडचा कोपरा दाखवला. अनेल्का धावत आला आणि त्याने चेंडू नेमका दुसऱ्या बाजूला मारला. व्हॅन डेर सारही तिकडेच झेपावला होता. चेंडू अडला आणि करंडक युनायटेडचा झाला.

त्या एका खुणेत दडलेलं अर्थशास्त्र समजून घेण्यासाठी आधी चिंचोके हातात घेऊ.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं एकी-बेकी खेळायचो. मुठीत चिंचोके धरायचे आणि समोरच्याने एकी की बेकी ते ओळखायचं. ओळखलं तर चिंचोके त्याचे, चुकलं तर तेवढेच त्याने भरायचे. माझी मामेबहीण मला रोज लुटायची. एकदा एकी धरली की पुढच्या वेळी मी बेकीच धरतो, हे तिने हेरलं होतं. शेवटी आजीने उपाय सांगितला, “अरे, मोजून कशाला धरतोस? डोळे मिटून मूठ भर.” त्या दिवसापासून बहिणीचं लुटणं थांबलं. मुठीत किती आहेत हे मलाच माहीत नव्हतं, मग ती कुठून ओळखणार?

गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलेल्या सिद्धांताचं मर्म याच्या फार जवळचं आहे. एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा असेल, अशा खेळात आपली चाल ठरावीक ठेवायची नाही. योग्य प्रमाणात, पण कसलाही क्रम न ठेवता ती बदलत राहायची. कागदावर हे पटतं. पण घामाघूम झालेला, हजारो लोकांच्या आरोळ्या ऐकणारा खेळाडू असं वागतो का?

हे तपासायला पेनल्टीइतकी चांगली जागा नाही. चेंडू गोलपासून ११ मीटरवर असतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत जाळ्यापर्यंत पोहोचतो. चेंडूची दिशा पाहून मग उडी मारू म्हटलं, तर गोलरक्षकाला उशीर होतो. त्यामुळे दोघांनाही निर्णय जवळपास एकाच वेळी घ्यावा लागतो. दोनच माणसं, मोजके पर्याय आणि निकाल लगेच डोळ्यांसमोर. खऱ्या बाजारात अर्थतज्ज्ञाला इतकं स्वच्छ काही मिळत नाही.

बास्क अर्थतज्ज्ञ इग्नासिओ पलासिओस-हुएर्ता यांनी १९९५ ते २००० या काळातल्या युरोपातल्या १,४१७ पेनल्ट्या तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उजव्या पायाच्या खेळाडूला चेंडू स्वतःच्या डावीकडे मारणं सोपं जातं. डाव्या पायाच्या खेळाडूचं याच्या उलट. ही झाली खेळाडूची ‘हक्काची’ बाजू. तिकडे मारलं आणि गोलरक्षक चुकला, तर शंभरातले सुमारे ९३ गोल होतात. तो बरोबर झेपावला तरी ७० होतात. दुसऱ्या, अवघड बाजूला मारलं आणि गोलरक्षक चुकला तर ९५, पण बरोबर झेपावला तर फक्त ५८.

मग नेहमी हक्काच्या बाजूलाच का मारू नये? कारण गोलरक्षकाला ते कळलं की तो दर वेळी तिकडेच उडी मारेल आणि यश ७० वर येईल. म्हणून मधूनमधून अवघड बाजूही वापरावी लागते. किती वेळा? गणिताचं उत्तर असं, की हक्काच्या बाजूला शंभरात सुमारे ६१ वेळा मारावं. या प्रमाणात मारलं, तर गोलरक्षक कुठेही झेपावला तरी यश ८० च्या आसपास राहतं. प्रत्यक्षात खेळाडू किती वेळा मारत होते? ६० वेळा. गोलरक्षकांनी त्या बाजूला ५८ वेळा झेपावावं असं गणित सांगत होतं, आणि ते तितक्याच वेळा झेपावत होते. त्याहून विशेष म्हणजे, भरपूर पेनल्ट्या खेळलेल्या खेळाडूंच्या फटक्यांत आज डावीकडे तर उद्या उजवीकडे असला क्रमही सापडला नाही. मला लहानपणी न जमलेली गोष्ट त्यांनी सरावाने अंगी बाणवली होती. एकही समीकरण न मांडता.

आता पुन्हा मॉस्को. सामन्याआधी पलासिओस-हुएर्ता यांचं टिपण एका ओळखीच्या माणसामार्फत चेल्सीचे प्रशिक्षक अव्राम ग्रँट यांच्याकडे पोहोचलं होतं. त्यातला सल्ला असा: व्हॅन डेर सार बहुतेक वेळा खेळाडूच्या हक्काच्या बाजूला झेपावतो, म्हणून दुसरीकडे मारा. त्याने अडवलेले बरेच फटके मध्यम उंचीचे होते, म्हणून चेंडू एकदम खाली किंवा वर ठेवा. युनायटेडचा रोनाल्डो धावताना मध्येच थांबला, तर बहुधा गोलरक्षकाच्या उजवीकडे मारतो. त्या रात्री रोनाल्डो थांबला, चेल्सीचा पीटर चेक जागचा हलला नाही, मग उजवीकडे झेपावला आणि त्याने चेंडू अडवला. चेल्सीच्या जॉन टेरीच्या फटक्यावर व्हॅन डेर सार चुकीच्या बाजूला गेला होता. टेरीचा पाय ओल्या गवतावर घसरला आणि चेंडू खांबाला लागला, नाहीतर करंडक तेव्हाच चेल्सीचा झाला असता.

पण चेल्सीचे पहिले सहाही फटके व्हॅन डेर सारच्या डावीकडेच गेले. सल्ला खरा होता, तो नियम बनला तिथे घोटाळा झाला. गोलरक्षकाची सवय हेरून सुरू झालेल्या खेळात चेल्सीने स्वतःचीच सवय तयार केली. व्हॅन डेर सारची ती खूण म्हणजे “तुम्ही सगळे इथेच मारताय, मला कळलंय” असं उघड सांगणं होतं. अनेल्का पेचात सापडला. त्याने चेंडू आपल्या हक्काच्या बाजूला मारला, तोही मध्यम उंचीवर.

म्हणूनच फुटबॉलमध्ये आकडेवारी आल्याने खेळातला थरार जातो, हे मला मान्य नाही. दगड किती वेगाने खाली पडेल हे गणिताने सांगता येतं आणि दगड ते ऐकून वागणं बदलत नाही. माणूस बदलतो. आकड्याने एकाची सवय उघडी पडते, तसा दुसरा सावध होतो आणि डाव नव्याने सुरू होतो.

पुढच्या वेळी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सामना टायब्रेकरला गेला, तर एक वही घेऊन बसा. खेळाडूचा पाय कोणता, चेंडू कुठे गेला, गोलरक्षक कुठे झेपावला, एवढंच टिपा. एका हंगामात वही भरेल आणि कोण मोजून चिंचोके धरतो, कोण डोळे मिटून मूठ भरतो, हे तुम्हाला दिसू लागेल.